पाटीवरचा 'कॅप्टन'

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात भूगोल शिकवला. रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत प्राचार्यांनी एन.सी.सी. माझ्याकडे दिली. कामठीला प्रशिक्षण घेतलं, लेफ्टनंट झालो, पुढं कॅप्टन. मागच्या वर्षी निवृत्त झालो. फाटकावर 'कॅप्टन डॉ.' अशी पाटी आहे, गाडीच्या मागच्या काचेवरही 'कॅप्टन' आहे. गावात सगळे कॅप्टनसाहेबच म्हणतात. मी सैन्यात कधीच नव्हतो. हे सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना माहीत आहे. बाकीच्यांनाही माहीत असणार, असं मी धरून चाललो होतो.

यंदा २६ जुलैला शेजारच्या गावात कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम होता. सरपंचांनी प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. सूत्रसंचालकानं ओळख करून दिली, 'देशाच्या सीमेवर सेवा बजावलेले आपले कॅप्टनसाहेब'. टाळ्या पडल्या. मी तिथंच दुरुस्ती करायला हवी होती, केली नाही. भाषण चांगलं झालं. खाली उतरलो तर पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा हात धरला. त्या वीरमाता. त्यांचा मुलगा कारगिलला गेला तो परत आलाच नाही. म्हणाल्या, "सायेब, तुमी व्हता का तितं? माझ्या पोराला बघितलं व्हतं का?" मी म्हणालो, "नाही मावशी, मी तिथं नव्हतो." खोटं बोललो नाही. पण त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्या बार्डरला आसाल," आणि मी गप्प राहिलो. कारगिलच्या त्या उन्हाळ्यात मी विद्यापीठाचे पेपर तपासत होतो.

तेव्हापासून झोप नाही. पाटी काढतो म्हटलं तर पत्नी म्हणते, "फुकट मिळालेलं नाही ते. पहाटे चारला उठून डबे मी केलेत." शेजारी एक ऑनररी कॅप्टन राहतात, शिपाई म्हणून भरती होऊन वर आलेले खरे सैनिक. ते रोज सकाळी 'जय हिंद, साहेब' म्हणतात आणि हल्ली मला त्यांच्याकडे बघवत नाही. माघात मुलीचं लग्न आहे. भाऊ पत्रिकेत 'कॅप्टन' छापायचं म्हणतोय. मी काय करू?

– एक वाचक, सातारा जिल्हा

सर, नमस्कार.

पाटी काढू नका, पुरी करा. 'कॅप्टन'च्या पुढे 'एन.सी.सी.' लिहा, त्याच आकारात, त्याच रंगात. पण पत्रिकेच्या आधी, पाटीच्याही आधी, त्या मावशींच्या घरी जाऊन या. तुमची झोप पाटीनं घालवलेली नाही. ती त्यांच्या प्रश्नानं घालवली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी. तिथं जाऊन काय बोलायचं ते पुढे लिहिते. आधी तुमच्या पत्नींचं म्हणणं घेते, कारण त्यांचं बरंचसं बरोबर आहे आणि त्या तुमच्यासाठी भांडताहेत.

तुम्हाला मिळालेला हुद्दा खोटा नाही. एन.सी.सी.चा कायदा १९४८ चा. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीनं शिफारस केली आणि शाळा-महाविद्यालयांतून ही संघटना उभी राहिली. बटालियनचे कमांडिंग ऑफिसर लष्करातले असतात, परेड शिकवायला येणारे सुभेदार आणि हवालदार लष्करातले असतात. पण वर्षभर पोरांना धरून ठेवणारा माणूस कॉलेजातलाच प्राध्यापक असतो. ज्याला आपण ए.एन.ओ., म्हणजे असोसिएट एन.सी.सी. ऑफिसर, म्हणतो तो. महाविद्यालयात त्याला लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे हुद्दे असतात. शाळेतल्या सरांना थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर, चीफ ऑफिसर. काम तेच, संघटना तीच. पण 'फर्स्ट ऑफिसर' असलेल्या हायस्कुलातल्या सरांचा हात धरून कुणी कारगिलचं विचारणार नाही. तुमच्या हुद्द्याचं नाव लष्करातल्या हुद्द्याशी जसंच्या तसं जुळतं, म्हणून हा पेच तुमच्या वाट्याला आला. नाव सारखं असलं तरी कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, वेगळं आहे. तुमचं कमिशन एन.सी.सी.चं, आणि त्यात सीमेवर जाण्याचं बंधन नाही. तुमचं काम होतं ते पोरांना घडवण्याचं.

ते काम काय असतं, हे वाचकांना कळावं म्हणून थोडं सांगते. माझा भाचा अशाच एका ग्रामीण कॉलेजात कॅडेट होता. वार्षिक शिबिरात त्याच्या सरांचा दिवस पोरांच्या आधी सुरू व्हायचा. चहाच्या बादल्या मोजायच्या, कुणाच्या बुटाचा तळ सुटलाय ते बघायचं, पॉइंट टूटू रायफलच्या फायरिंगला प्रत्येकाच्या गोळ्या मोजून द्यायच्या आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घ्यायच्या, एक कमी भरली तर सगळी तुकडी रेंजवर वाकून शोधायला लावायची. एका पोराच्या घरून पैसे आले नव्हते. त्याला सरांनी स्वतःचे मोजे दिले, आणि ते इतरांना कळू नये म्हणून आधी धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून दिले. भाचा हे अजून सांगतो. 'सी' सर्टिफिकेट मिळवलेल्या पोरांना लेखी परीक्षेशिवाय थेट एस.एस.बी.च्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीपर्यंत जाता येतं, ही वाट कित्येक खेड्यातल्या मुलांना त्यांच्या सरांनीच दाखवली. तुमच्या हातूनही अशी मुलं गेली असतीलच. म्हणून वहिनींना सांगा, त्यांचं खरं आहे. फुकट मिळालेलं नाही.

आता न लढता लष्करी हुद्दा लावणं मुळातच चूक का, हा तुमच्या मनातला दुसरा प्रश्न. तो तुम्ही लिहिला नाहीत, पण पत्रभर आहे.

आपल्या देशात असे हुद्दे उघडपणे दिले जातात. कपिलदेवना २००८ साली प्रादेशिक सेनेनं (टेरिटोरियल आर्मीनं) मानद लेफ्टनंट कर्नल केलं, २००९ साली मल्याळी अभिनेते मोहनलाल यांना. सचिन तेंडुलकरला २०१० साली हवाई दलानं मानद ग्रुप कॅप्टनचा हुद्दा दिला. विमान उड्डाणाशी काहीही संबंध नसलेल्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळत होता. २०११ साली महेंद्रसिंग धोनी आणि नेमबाज अभिनव बिंद्रा प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झाले. आपल्या विद्यापीठांच्या कुलगुरूंनाही एन.सी.सी. मानद कर्नल करते. भारताचे लष्करप्रमुख नेपाळच्या सैन्याचे मानद जनरल असतात आणि नेपाळचे लष्करप्रमुख आपल्या. ही रीत जनरल करिअप्पांच्या वेळेपासून, १९५० पासून चालत आली आहे. यातल्या कुणाला कुणी तोतया म्हणत नाही, आणि म्हणूही नये. सैन्याला समाजातली लोकप्रिय माणसं आपल्या बाजूला उभी हवी असतात, पोरांनी त्यांच्याकडे बघून भरतीच्या मैदानावर यावं असं वाटतं, म्हणून हे हुद्दे दिले जातात.

यात धोनीचं मला विशेष वाटतं. हुद्दा मिळाल्यावर तो फोटो काढून थांबला नाही. २०१५ साली आग्र्याला पॅराशूटचं प्रशिक्षण घेऊन त्यानं विमानातून पाच उड्या पुऱ्या केल्या आणि पॅराचे पंख, म्हणजे छत्रीधारी सैनिकाचा बिल्ला, कमावले. २०१९ साली विश्वचषकानंतर दोन आठवडे काश्मीरमध्ये आपल्या पॅरा बटालियनबरोबर राहून गस्त आणि पहाऱ्याची ड्युटी केली. एवढं करूनही कुणी त्याला युद्धात लढलेला कर्नल समजत नाही. कारण तो कोण, काय करत आला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. सचिन विमान घेऊन हद्दीवर गेला होता, असं त्याचा गणवेशातला फोटो बघून कुणाच्या मनात येणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य लोकांसमोर आहे, त्यामुळे हुद्द्यापुढे कंसात काय लिहायचं ते लोकांनी आधीच लिहून घेतलेलं असतं.

तुमच्या बाबतीत तो कंस कुणीच लिहिलेला नाही. फाटकावर 'कॅप्टन', काचेवर 'कॅप्टन', व्यासपीठावर 'सीमेवर सेवा बजावलेले'. बघणारा माणूस मधली जागा स्वतःच भरून टाकतो, आणि साताऱ्यात ती कशानं भरली जाणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुमच्याकडे घराघरात कुणी ना कुणी फौजेत. आपशिंगे मिलिटरीसारखं गाव तुमच्याच जिल्ह्यात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. त्या काळी इंग्रजांनी गावोगाव बसवलेले संगमरवरी दगड अजून कुठं चावडीवर, कुठं शाळेच्या भिंतीत आहेत. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके गेले ते गेलेच, एवढंच त्यावर असतं. ना नाव, ना हुद्दा. अशा मुलखात 'कॅप्टन' हा शब्द कानावर पडला की लोकांना बंदूक, बर्फ आणि तिरंग्यात गुंडाळून आलेली पेटी आठवते. दुसरं काही आठवावं अशी अपेक्षाच धरता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण काही वाचक ते विचारणारच. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ नं सरकारनं पदव्या वाटण्यावर बंदी घातली, पण त्यातून दोनच गोष्टी सोडल्या, लष्करी आणि विद्याविषयक. म्हणजे तुमच्या पाटीवरचे 'कॅप्टन' आणि 'डॉ.' हे दोन्ही शब्द एकाच कलमाच्या आधारानं तिथं आहेत. पद्मश्री-पद्मभूषण मात्र नावाच्या मागेपुढे लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं. आणि सैनिक असल्याचा लोकांचा समज व्हावा या हेतूनं सैनिकी गणवेश किंवा खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा असा हेतू नव्हता, हे तुमचं पत्रच सांगतं. पण या कलमाच्या आसपासही आपलं नाव फिरू नये. निवृत्तीनंतर तुम्हाला हुद्दा लावता येतो का आणि कसा लावायचा, हे तुमच्या नियुक्तीच्या आणि सेवामुक्तीच्या आदेशात बघा. त्यात नीट लिहिलेलं नसेल तर बटालियनच्या कार्यालयाला अर्ज करून लेखी उत्तर घ्या. मित्रांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. लावता येत नाही असं उत्तर आलं तर पाटीवर 'डॉ.' ठेवा आणि खाली 'माजी एन.सी.सी. अधिकारी' लिहा. त्यातही ताठ मानेनं उभं राहण्यासारखं पुष्कळ आहे.

गाडीच्या काचेवरचं मात्र आज काढा. तिथं 'एन.सी.सी.' जोडूनही नको. घराची पाटी शेजारीपाजारी वाचतात. गाडीवरचा हुद्दा नाक्यावरचा हवालदार आणि टोलवरचा पोरगा वाचतो, आणि त्यांनी तो वाचून काहीतरी सूट द्यावी, एवढाच त्याचा उपयोग असतो. तुम्ही कधी तशी सूट घेतली नसेल, पण अक्षरं तिथं असेपर्यंत ती मागितल्यासारखीच आहेत.

आता तुमच्या शेजाऱ्यांबद्दल. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा माझ्या घरचा विषय आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून भरती झाले आणि सुभेदार मेजर होऊन बाहेर पडले. नोकरीच्या शेवटी एका २६ जानेवारीला त्यांचं नाव ऑनररी लेफ्टनंटांच्या यादीत आलं. दरवर्षी प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला अशी यादी निघते. सुभेदार, सुभेदार मेजर या हुद्द्यांवर चांगली सेवा केलेल्यांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन करतात. सियाचीनच्या बाणासिंगांच्या आणि टायगर हिलच्या योगेंद्रसिंह यादवांच्या नावामागे 'ऑनररी कॅप्टन' लागतं ते असंच. परमवीर चक्र मिळवलेली ही माणसं. म्हणजे शिपायापासून वर आलेल्या ज्यांच्या हुद्द्याआधी 'ऑनररी' आहे त्यांनी पंचवीस-तीस वर्षं प्रत्यक्ष फौजेत काढलेली असतात, आणि तुमच्या हुद्द्याआधी असा कुठलाच शब्द नाही. बाहेरच्या माणसाचा उलटा समज होणार हे ठरलेलंच. तुमच्या शेजाऱ्यांना लोक 'मानाचे' कॅप्टन समजत असतील आणि तुम्हाला 'खरे'. तुम्हाला त्यांच्याकडे बघवत नाही ते यामुळेच असावं.

वडील गावी आले तेव्हा आईनं दारावर पाटी करायला टाकली. रंगाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून त्यानं 'ऑन.' गाळलं आणि नुसतं 'लेफ्टनंट' रंगवून आणलं. दिसायला पाटी सुरेख होती. आईला आवडली, आम्हा पोरांना तर फारच. वडिलांनी ती भिंतीला लावू दिली नाही. रंगाऱ्याला परत बोलावून, नाव बारीक करून 'ऑन.' बसवून घेतलं, आणि शेवटी कंसात 'निवृत्त'. आई म्हणाली, "कोण बघतंय एवढं?" ते म्हणाले, "ॲकॅडमीतनं येतात ते लेफ्टनंट. माझ्या पलटणीत तेवीस-चोवीस वर्षांची पोरं लेफ्टनंट म्हणून आली आणि पुढं राहून मेली. त्यांचा हुद्दा त्यांचा. मला मिळाला तो माझा." त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. हिशेबाची वही नीट लावावी तशा सुरात म्हटलं होतं.

फौजेतली माणसं हुद्द्याच्या बाबतीत इतकी काटेकोर असतात, कारण त्यांच्यासाठी हुद्द्यामागे ठरावीक माणसं उभी असतात, आणि त्यातली काही आता नसतात. म्हणून तुमच्या शेजाऱ्यांच्या 'जय हिंद, साहेब'मध्ये तुम्ही टोमणा शोधू नका. मला तरी त्यात टोमणा दिसत नाही. एन.सी.सी.चा ए.एन.ओ. काय असतो हे त्या माणसाला पुरतं ठाऊक आहे. तुम्हीही ते मोकळेपणानं बोललात तर ते आनंदतील. एका संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जा आणि झालेलं सगळं सांगा. सूत्रसंचालकाचं वाक्य, टाळ्या, मावशींचा प्रश्न, तुमचं गप्प राहणं, काही गाळू नका. आणि मग त्यांची मदत मागा, कारण पुढचं काम तुम्हाला एकट्याला जमणार नाही.

ते काम मावशींचं.

त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते पुन्हा एकदा वाचा. तुम्ही शूर आहात का, किती वर्षं नोकरी केली, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. माझ्या पोराला बघितलं होतं का, एवढंच विचारलं. १९९९ पासून त्या बाई असं कुणीतरी शोधताहेत, ज्यानं त्यांच्या मुलाला शेवटच्या दिवसांत पाहिलं असेल. तो जेवत होता का, हसत होता का, पत्र लिहीत होता का, हे सांगणारं कुणीतरी. व्यासपीठावर कॅप्टन दिसला, त्यांना वाटलं, सापडला. मला तुमच्या गप्प राहण्यापेक्षा याचं जास्त वाईट वाटलं, आणि पत्र पुन्हा वाचताना वाटलं की इथं तुमच्या हातून काही चांगलं होऊ शकतं.

तर त्यांच्याकडे जा. गणवेशातला फोटो, ब्लेझर, बिल्ला, काही नको. वहिनींना बरोबर घ्या. बायकांबरोबर त्या मोकळ्या बोलतील. बसल्यावर पाच मिनिटांत सांगून टाका, साध्या शब्दांत: "मावशी, मी फौजेत नव्हतो. कॉलेजात शिकवत होतो आणि पोरांना एन.सी.सी.ची परेड शिकवत होतो. कॅप्टन म्हणतात ते त्याचं. त्या दिवशी तुम्हाला वेगळं वाटलं आणि मी बोललो नाही, माझं चुकलं." एवढंच पुरे. पाया पडून रडू नका, तुम्हाला झोप येत नाही हे सांगू नका. त्या बाईंनी तुम्हाला धीर द्यावा अशी वेळ त्यांच्यावर आणू नका. त्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय. त्या म्हणतील, 'आसू द्या सायेब, त्यात काय'. म्हणू द्या. त्या चिडल्या तर तेही ऐकून घ्या.

मग त्यांना विचारा, मुलाची पलटण कोणती होती. नंबर त्यांना ठाऊक नसेल, पण पेटीत पेन्शनची कागदं असतील, पत्रं असतील, त्यावर असतो. तो उतरवून घ्या. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस असतं. मुलगा मराठा लाइट इन्फन्ट्रीत असला तर ते बेळगावला, रेजिमेंटल सेंटरच्या ठिकाणी. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं वीरमातांची आणि वीरपत्नींची नोंद असते. तुमच्या जुन्या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर फौजेतलेच आहेत. त्यांनी एक फोन केला तर तुमच्या दहा पत्रांचं काम होतं. आणि तुमच्या शेजाऱ्यांसारख्या माणसाला त्या पलटणीतला कुणीतरी माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. निवृत्त जवानांचे आपसांत फोनवरचे ग्रुप असतात, पलटणीच्या स्थापना दिनाला ही माणसं लांबून लांबून एकत्र येतात. तुम्ही एन.सी.सी.तून फौजेत पाठवलेल्या मुलांतलाही एखादा आता त्याच रेजिमेंटमध्ये असेल. मावशींच्या मुलाबरोबर त्या वर्षी असलेला एक माणूस शोधून काढा. त्याला त्यांच्या घरी आणा. घरी येणं जमत नसेल तर फोनवर बोलवा, व्हिडिओवर दाखवा. तो जे सांगेल ते त्या दोघांचं. तुम्ही आणि वहिनी तेवढा वेळ बाहेर ओट्यावर बसा.

यात महिने जातील, पत्रं परत येतील, काही फोन कुणी उचलणार नाही. सापडेपर्यंत मावशींना 'शोधतोय' एवढंच सांगा, तारीख देऊ नका. कदाचित कुणीच सापडणार नाही. तरी मधून मधून जात राहा.

पुढच्या वर्षी २६ जुलैला बोलावणं आलं तर सरपंचांना स्वच्छ सांगा की प्रमुख पाहुणा फौजेतला हवा, आणि तुमच्या शेजाऱ्यांचं नाव सुचवा. तुम्ही प्रेक्षकांत बसा. बोलायला सांगितलंच तर भरतीला जाऊ इच्छिणाऱ्या पोरांशी बोला. त्यांच्या कागदपत्रांचं, धावण्याचं, एन.सी.सी. सर्टिफिकेटचं बोला. ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला सांगता येणार नाही. आणि यापुढे कुठल्याही कार्यक्रमाला गेलात तर सूत्रसंचालकाच्या हातात तुमच्या परिचयाची चिठ्ठी स्वतः द्या: अमुक महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक, एन.सी.सी.चे माजी अधिकारी. चिठ्ठी न वाचता त्यानं पुन्हा 'सीमेवर' काढलंच, तर भाषणाचं पहिलंच वाक्य दुरुस्तीचं असू द्या. अवघडल्यासारखं होईल, माणसं क्षणभर एकमेकांकडे बघतील, आणि मग ऐकायला लागतील.

त्या गावातल्या सरपंचांनाही एकदा भेटून खरं सांगा, म्हणजे मावशींच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून काही जायला नको. फक्त आधी मावशी, मग सरपंच, हा क्रम चुकवू नका.

राहिली लग्नपत्रिका. भावाच्या मनात अभिमान आहे, त्याला दुखवू नका, पण इथं ऐकू नका. पत्रिका शेकडो घरांत जाईल, तुम्हाला न ओळखणाऱ्या घरांतही, आणि तिथं समजावून सांगायला तुम्ही नसाल. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत वडिलांच्या नावामागे 'प्रा. डॉ.' असावं, तेवढं भरपूर शोभतं. वहिनींना वाईट वाटलं तर त्यांच्यासमोर जुन्या शिबिरांचे फोटो काढा आणि फौजेत, पोलिसांत, कुठंकुठं गेलेल्या तुमच्या पोरांना मुलीच्या लग्नाची आमंत्रणं दोघांनी मिळून लिहा. ती मुलं मांडवात आली की 'सर' म्हणून पहिल्यांदा तुमच्याकडेच येतील, आणि पहाटे चारच्या डब्यांची आठवण वहिनींना तीच करून देतील. प्रेसमध्ये मजकूर गेला असेल तर आजच फोन करून थांबवा, प्रूफ आल्यावर बदल करायचे वेगळे पैसे लावतात.